जुन्या पिकअपचं ब्रेक पेडल खाली जातंय? हवा काढायच्या आधी हे तपासा

पेडल सॉफ्ट झालंय म्हणून गाडी गॅरेजला लावली की साधारण दोन उत्तरं मिळतात. एक, "हवा धरली असेल, काढून टाकू." दोन, "मास्टर सिलिंडर गेलाय, नवीन घेऊन या." दोन्ही कधी कधी बरोबर असतात. पण ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली कुठून हे कुणी बघितलंच नाही, तर आठवड्याभरात पेडल परत खाली जातं. आणि दोष मागच्या ड्रममधल्या अडकलेल्या ॲडजस्टरचा असताना मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) बदलला, तर पैसे जातात आणि पेडल होतं तिथंच राहतं.

आमच्याकडे कोकणात जुनी पिकअप म्हणजे आंब्याच्या पेट्या, मासळी, चिरा, सिमेंट, काहीही. वर घाट आहेतच. त्यामुळे ब्रेकचं दुखणं मला चांगलंच ओळखीचं झालंय. ज्यांनी नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली आहे आणि बॉनेटखाली काय काय असतं ते आत्ताच कळायला लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुरुस्ती तुम्ही स्वतः करा किंवा मिस्त्रीकडून करून घ्या. दोष कुठे आहे ते मात्र आधी तुम्हाला माहीत असू द्या.

मी धरून चाललोय ती गाडी अशी: बोलेरो पिकअप किंवा त्याच पिढीतली दुसरी डिझेल गाडी, पुढे डिस्क, मागे ड्रम, व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग), एबीएस (चाक जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नाही. एबीएस असेल तर त्याच्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढायला बहुतेक वेळा स्कॅनर लागतो. तिथे घरच्या घरी फार पुढे जाऊ नका.

१. आधी गाडी उभी करा

"पंपिंग केलं की ब्रेक लागतो" हे वाक्य ड्रायव्हर लोक इतक्या सहज म्हणतात की तो गाडीचा स्वभाव वाटायला लागतो. तो स्वभाव नाही, बिघाड आहे. पेडल अर्ध्याच्या खाली जात असेल तर भाडं घेऊ नका, घाट तर अजिबात नको. तपासणी सपाट जागेवर, रिकाम्या गाडीवर करायची.

उतारावरच पेडल खाली गेलं तर: पाय सोडून भराभर दोन-तीनदा पंप करा, एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका, न्यूट्रल करू नका.

२. काय काय जवळ हवं

- जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चाकाला लावायला दगड किंवा लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.
- निपलला (चाकाजवळचा हवा काढायचा छोटा पोकळ बोल्ट) बसणारा रिंग पाना. साध्या फिक्स पान्याने जुन्या निपलचे कोपरे जातात.
- निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि एक रिकामी बाटली.
- सीलबंद ब्रेक ऑइल, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलंय त्याच ग्रेडचं.
- ब्रेक होज (ऑइलच्या रबरी नळ्या) दाबायचे गोल तोंडाचे क्लॅम्प, मिळाले तर.
- टॉर्च, कोरडी फडकी, पाण्याची बादली.
- पेडलखाली ठेवायला लाकडी गुटका. कशासाठी ते पुढे येईल.
- पेडल दाबायला एक माणूस, जो सांगितलेलं ऐकतो.

कागदांपैकी आरसी जवळ ठेवा. पार्ट घेताना दुकानदार चासी नंबर विचारतो, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक सिलिंडरचं माप बदललेलं असू शकतं. आधीच्या मालकाची ब्रेकच्या कामाची बिलं मिळाली तर फार बरं. व्हील सिलिंडर (मागच्या ड्रममधले छोटे सिलिंडर) कधी टाकले, नुसतं रबरांचं किट टाकलं की अख्खा, यावरून अर्धं काम होतं.

३. तक्रार नीट ओळखा

"सॉफ्ट" या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळी दुखणी खपवली जातात. म्हणून पहिली तपासणी पायाने करायची आणि ती इंजिन बंद ठेवून.

इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा. बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. आता पायाला जे लागतं ते खरं हायड्रॉलिक. याच अवस्थेत पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडंसं खाली सरकलं पाहिजे. हे सरकणं म्हणजे दोष नाही, बूस्टर काम करतोय याची खूण आहे. नवीन माणूस नेमका इथे घाबरतो आणि "चालू गाडीत पेडल खाली जातं" अशी तक्रार घेऊन गॅरेज गाठतो.

पेडल खाली न जाता उलट दगडासारखं घट्ट लागत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ते व्हॅक्यूमचं दुखणं. डिझेल इंजिनमध्ये त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, काही गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. पंप, त्याची नळी, एकमार्गी व्हॉल्व्ह आणि बूस्टर तपासा.

आता इंजिन बंद, व्हॅक्यूम संपलेला, आणि हे बघा:

*पहिल्या दाबाला खाली, दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर आणि टणक.* म्हणजे ऑइलला बरंच अंतर भरून काढावं लागतंय. जवळजवळ नेहमी मागचे शू (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारे) ड्रमपासून लांब गेलेले असतात. क्वचित पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं असतं.

*पंप केल्यावर वर येतं, पण टणक होत नाही, स्पंजी राहतं.* हवा. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवून दांडा दाबल्यावर हाताला जे लागतं, तेच इथे पायाला लागतं: दबतं, पण थांबत नाही. ऑइल दबत नाही, हवा दबते. फुगणारा जुना होज आणि ड्रमला नीट न टेकणारे शूवरचे नवे लायनरही थोडाफार असाच अनुभव देतात.

*दाबून धरलं की हळूहळू बुडत जातं.* एक तर कुठेतरी ऑइल बाहेर गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवरून मागे सरकतंय. ही तपासणी जोर लावून करू नका. हलक्या, एकसारख्या दाबाने अर्धा मिनिट पाय धरा. झिजलेलं सील जोराच्या दाबाला फुगून बसतं आणि दोष लपवतं. हलक्या दाबाला ते उघडं पडतं.

*थंड असताना ठीक, घाट उतरल्यावर सॉफ्ट, गाडी गार झाली की परत ठीक.* ऑइलमध्ये पाणी आहे आणि ते उकळतंय. याबद्दल पुढच्याच पायरीत.

आपलं दुखणं यातलं कुठलं ते कागदावर लिहून ठेवा. हवा आणि ढिले ड्रम असे दोन दोष एकत्र असणंही जुन्या गाडीत नेहमीचंच.

४. डब्यातलं ऑइल बघा

बॉनेट उघडा. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा, मग झाकण काढा. लेव्हल, रंग आणि झाकणाखालचं रबर, तिन्ही बघायचं.

लेव्हल कमी असली म्हणजे गळतीच असं नाही. पुढचे पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन बाहेर येतो आणि तितकं ऑइल त्याच्या मागे जाऊन बसतं. म्हणून लेव्हल कमी दिसली की डबा काठोकाठ भरून टाकू नका. नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की तेच ऑइल उतू जातं आणि खालचा रंग खातं. बऱ्याच डब्यांत आत दोन कप्पे असतात, पुढच्या आणि मागच्या ब्रेकसाठी. एकाच कप्प्यातलं ऑइल झपाट्याने उतरत असेल तर गळती कुठल्या बाजूला शोधायची ते तिथेच कळलं. काही गाड्यांत हायड्रॉलिक क्लचही याच डब्यातून ऑइल घेतो. तशी असेल तर क्लचचा सिलिंडरही संशयितांच्या यादीत धरा.

रंग चहासारखा काळपट असेल तर ऑइल म्हातारं झालंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, बंद डब्यातसुद्धा, होजच्या रबरातूनसुद्धा. डॉट ३ या ग्रेडच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर तो १४० वर आला तरी ते मानकात बसतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आता आंबा घाट भरल्या गाडीने, चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून साखरप्यापर्यंत उतरा. कॅलिपर किती तापतो याची कल्पना चाकाजवळ हात नेल्यावर येते. आतलं पाणी वाफ होतं, वाफ दबते, पेडल खाली. गाडी चहाला थांबली की वाफेचं परत पाणी, आणि मिस्त्री म्हणतो, "मला तर ब्रेक चांगला वाटतोय." कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात ऑइल दोन वर्षांच्या वर ठेवू नये असं माझं मत आहे, मग गाडी कितीही कमी चालो.

डॉट ३ असलेल्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ हा वेगळा प्रकार आहे, नावावरून गोंधळ होतो.

झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर जरा बसून घ्या. कुणीतरी डब्यात इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल ओतलंय. खनिज तेलाने ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात. अशा वेळी नुसती हवा काढून काही होत नाही. पाइप धुऊन काढणं आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सगळी रबरं, होजसकट, बदलणं एवढाच मार्ग आहे. त्याच कारणाने व्हील सिलिंडरचे भाग डिझेल-पेट्रोलमध्ये धुणाऱ्या गॅरेजपासून लांब राहा. ते ब्रेक ऑइलनेच धुवायचे, आणि बसवतानाही साधं ग्रीस न लावता ब्रेक ऑइलच लावायचं.

५. गळती शोधा, सगळीकडे

ब्रेक ऑइल पातळ असतं, बोटाला निसरडं लागतं आणि पाण्याने धुतलं की जातं. मागच्या एक्सलचं गिअर ऑइल दाट असतं, उग्र वास मारतं आणि पाण्याने जात नाही. मागच्या ड्रमखाली ओल दिसली की हा फरक करा, कारण एक्सलचं सील गेलं तरी ड्रममधून तेलच गळतं.

क्रमाने असं बघा: चारही टायरच्या आतल्या बाजू. ड्रमच्या मागची प्लेट, विशेषतः खालची कड. कॅलिपरचे होज, त्यांची टोकं, वळणावरच्या भेगा. चासीवरून मागे जाणारा लोखंडी पाइप. मागच्या एक्सलवरची टी (पाइपाला फाटे फुटतात तो जोड) आणि तिथला होज.

लोखंडी पाइपावर मी जास्त वेळ घालवीन. समुद्रकाठच्या गाडीत तो क्लिपच्या खाली सडतो, जिथे चिखल अडकून राहतो आणि डोळ्याला दिसत नाही. मासळीची गाडी असेल तर विचारूच नका. बर्फाचं खारट पाणी फाळक्यातून थेट चासीवर ठिबकतं. क्लिप उचलून, तारेच्या ब्रशने हलकेच घासून बघा. पापुद्रे सुटत असतील तर पाइप गळायची वाट बघू नका. आणि मधला सडका तुकडा कापून तांब्याची नळी किंवा रबरी पाइप क्लिप लावून जोडणारे महाभाग आहेत. त्यांना नमस्कार करून निघा. ब्रेकला ब्रेकचाच लोखंडी पाइप, टोकं व्यवस्थित फ्लेअर केलेला, म्हणजे फुलवलेला.

बाहेर कुठेच ओल नाही आणि डब्यातलं ऑइल मात्र कमी होतंय? दोन जागा राहिल्या. एक, ड्रमच्या आत: ड्रम काढा आणि व्हील सिलिंडरच्या टोकांचे रबरी बूट हळूच उचला. आत ओलावा असेल तर सील संपलं. दोन, मास्टर सिलिंडर आणि बूस्टरच्या सांध्यात. तिथून गळलेलं ऑइल बूस्टरच्या पोटात जातं, जमिनीवर थेंब पडत नाही. सांध्याखालचा रंग फुगलाय किंवा उडालाय का बघा. शंका असेल तर मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो पाइपासकट थोडासाच पुढे ओढा. मागचं तोंड कोरडं असलं पाहिजे.

ड्रम काढलाच आहे तर आतली धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवून धुवा.

६. हँडब्रेकची युक्ती

बिनखर्चाची ही तपासणी कुणी करत नाही. हँडब्रेक तीन-चार खटके ओढा आणि मग पायाने पेडल दाबा. पेडल एकदम वर आणि टणक लागलं, तर हवेचा विचार जवळजवळ सोडून द्या. हँडब्रेकने मागचे शू ड्रमजवळ नेले, अंतर कमी झालं, पेडल सुधारलं. दोष मागच्या ॲडजस्टमेंटचा.

जुन्या गाडीत मागचे आपोआप ॲडजस्ट होणारे ॲडजस्टर गंजून बसतात. लायनर झिजतात, अंतर वाढत जातं, पेडल महिन्याला थोडं थोडं खाली येतं, आणि हळूहळू येतं म्हणून रोजच्या ड्रायव्हरला कळतही नाही. गाडी घोडीवर घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा. ॲडजस्टर साफ करून आटे मोकळे करा, चाक हाताने फिरवत शू जवळ आणा. हलकी घासट आली की किंचित मागे. दोन्ही बाजू सारख्या. आधी शू, मग हँडब्रेकची केबल. केबल ताणून हँडब्रेक वर आणलेला असेल तर शू आधीच अर्धवट ओढलेले असतात आणि सगळं मोजमाप फसतं. बाजारातून आणलेल्या सेकंडहँड गाड्यांत हे हमखास दिसतं.

ड्रमची झीजही बघा. जास्तीत जास्त व्यास किती चालेल ते बहुतेक ड्रमवर कोरलेलं असतं. त्याच्या पुढे गेलेला ड्रम परत खरादीवर लावण्यात अर्थ नाही. आणि जुन्या शूवर नवे लायनर रिव्हेट करून आणलेत, ते ड्रमला मधोमधच टेकतायत, कडा उचललेल्या आहेत, असं असेल तर शू वाकून टेकेपर्यंत पेडल स्पंजी लागणार. मिस्त्री अशा वेळी हवा काढत बसतो आणि बाटलीभर ऑइल संपवतो.

७. मास्टर सिलिंडरला दोषी ठरवण्याआधी

इथपर्यंत गळती नाही, ॲडजस्टमेंट ठीक, तरी पेडल बुडतंय. आता मास्टर सिलिंडर. तोही पुरावा घेऊनच.

डब्याचं झाकण काढून आत टॉर्च मारा आणि मदतनिसाला हळू पेडल दाबायला सांगा. सुरुवातीला ऑइलचा छोटा उसळा येतो, तो नैसर्गिक आहे. पण पेडल दाबून धरलेलं असताना, बुडत असताना, डब्यात ऑइल हलत-घोळत राहिलं तर आतलं सील मागे सोडतंय. चेहरा वर नेऊन बघू नका. ब्रेक ऑइल डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा लागेल.

दुसरा पुरावा क्लॅम्पचा. पुढचे दोन होज आणि मागच्या एक्सलला जाणारा एक, तिन्ही गोल तोंडाच्या क्लॅम्पने दाबा. पक्कड किंवा व्हाइस ग्रिप थेट लावलात तर आतलं अस्तर फाटतं. अशा चिमटलेल्या होजमुळे पुढे एकच चाक धरून राहतं आणि कारण सापडत नाही. कडक, भेगाळलेला होज दाबूच नका, तो तसाही बदलायचाच आहे. तिन्ही बंद असताना पेडल वर आणि दगडासारखं लागलं तर मास्टर सिलिंडर निर्दोष. आता एकेक क्लॅम्प सोडा आणि पेडल दाबा. जो सोडल्यावर पेडल खाली आलं, दोष त्या बाजूला. तिन्ही बंद असूनही हळूहळू बुडतंय आणि लोखंडी पाइप कोरडे आहेत, तर मास्टर सिलिंडर. बुडत नाही पण स्पंजी आहे, तर हवा मास्टर सिलिंडरमध्ये किंवा वरच्या पाइपांत.

किट टाकायचं की अख्खा बदलायचा? आतली नळी नखाने तपासा. खड्डा किंवा गंजाचा ओरखडा लागला तर किट वाया जाणार, नवं सील महिन्याभरात तिथेच फाटेल. नवा मास्टर सिलिंडर गाडीला लावण्याआधी टेबलावर, शिकंज्यात धरून, ऑइल भरून आतली हवा काढून घ्या. तसाच लावला तर त्यातला बुडबुडा संध्याकाळपर्यंत छळतो. घेताना जुना सोबत न्या आणि भोकाचं माप जुळवा. भोक मोठं आलं तर पेडल टणक लागेल पण ब्रेकला जोर जास्त लागेल, आणि त्याला तुम्ही चुकून सुधारणा समजाल.

बूस्टर आणि मास्टर सिलिंडरमधला पुश रॉड फिरवून पेडल वर आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रॉड लांब झाला की ब्रेक पूर्ण सुटत नाहीत, चाकं तापतात.

८. पुढची चाकं

पुढे फारसं काही नसतं. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट असेल तर बेअरिंगमुळे डिस्क डोलते, पॅड मागे ढकलले जातात आणि पहिला दाब वाया जातो. कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने हलल्या पाहिजेत.

एक सापळा मात्र ध्यानात ठेवा. कॅलिपर काढून परत बसवताना डावा-उजवा अदलाबदल झाला तर तो बसतो, ब्रेकही लागतो, पण हवेचा निपल खाली जातो. हवा वर जमते, निपल खाली. आयुष्यभर हवा काढलीत तरी निघणार नाही. निपल नेहमी वरच्या टोकाला.

९. आता हवा काढा

हवा आत शिरायचं कारण सापडलं आणि दुरुस्त झालं, मगच. निपल आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवा, हातोडीने हलके टिचकवा, मग रिंग पान्याने सोडा. तुटला तर काम दुप्पट.

क्रम: मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारण मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तोच पाळा.

मागच्या एक्सलजवळ वजनानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतो, गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. एक दांडी एक्सलला जोडलेली दिसेल. गाडी चासीवर उचलून मागची चाकं लोंबकळत ठेवली तर हा व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी आहे, आणि मागे ऑइल नीट जाऊ देत नाही. म्हणून मागची हवा काढताना एक्सलवर वजन असू द्या, नाहीतर दांडी भरल्या गाडीच्या बाजूला धरून ठेवा. व्हॉल्व्हवर स्वतःचा निपल असेल तर तोही सोडायचा. जाता जाता: जास्त माल भरायला मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवलेला असेल तर गाडीचं बूड उचललेलं राहतं आणि भरल्या गाडीतही हा व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कमी देतो. पाटा वाढवणारा ही दांडी परत लावून देत नाही.

आता पेडलखाली लाकडी गुटका ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील ठरावीक अंतरच फिरतं, त्याच्या पुढच्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. हवा काढताना पेडल तळाला टेकवलं की चांगलं सील त्या खरबरीत भागावर जातं आणि कापलं जातं. "हवा काढायच्या आधी बरा होता, नंतर मास्टर सिलिंडर गेला" ही तक्रार अशीच जन्माला येते.

इंजिन बंद. नळी निपलवर, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. मदतनिसाला सांगा:

"दाब." तो हळू दाबतो. "धर." तुम्ही निपल पाव आटा सोडता, ऑइल-बुडबुडे येतात, पेडल गुटक्यापर्यंत जातं. तुम्ही निपल आवळता. "सोड." मगच त्याने पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उचलला की हवा परत आत. भराभर पंपिंगही नको, त्याने ऑइलचा फेस होतो.

चार-पाच दाबांनंतर डबा बघा. डबा रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबेपर्यंत आणि ऑइल स्वच्छ रंगाचं येईपर्यंत चालू ठेवा. बाटलीत निघालेलं ऑइल कितीही चांगलं दिसलं तरी परत डब्यात नाही. सांडलेलं लगेच पाण्याने धुवा.

१०. रस्त्यावर नेण्याआधी

गुटका काढा! पेडल इंजिन बंद ठेवून अर्धा मिनिट दाबून धरा, बुडता कामा नये. इंजिन चालू करा, किंचित खाली सरकून थांबलं पाहिजे. अंगणात चालायच्या वेगाने ब्रेक लावा, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर थोड्या वेगाने. गाडी एका बाजूला ओढते का बघा. परत येऊन चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तो शू किंवा कॅलिपर सुटत नाहीये. सगळे निपल, सांधे फडक्याने कोरडे पुसून सकाळी पुन्हा बघा. भरली गाडी घेऊन घाट त्यानंतर.

गॅरेजला द्यायचीच असेल तर "ब्रेक बघा" एवढंच सांगू नका. "इंजिन बंद असताना हलक्या दाबाला बुडतं, बाहेर गळती नाही, हँडब्रेक ओढला तरी फरक नाही" असं सांगा. बदललेले जुने पार्ट मागून घ्या आणि बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की फिटनेस दर वर्षी करावा लागतो आणि तिथे ब्रेक तपासले जातात. पासिंगच्या आठवडाभर आधी वरची तिसरी आणि सहावी पायरी करून बघा, दोन्ही मिळून अर्धा तासही लागत नाही.